निरोपाच्या साड्या

फेब्रुवारी लागला की माझ्या बसमध्ये साड्या चढतात. एरवी निळा कुर्ता, पांढरी सलवार आणि दोन वेण्या असा जो घोळका सकाळच्या गाडीला असतो, तो एक दिवस एकदम आईच्या, काकूच्या, वहिनीच्या साड्या नेसून फाट्यावर उभा राहतो. एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात पर्स. दांडा धरायला हातच उरत नाही. पायरी चढताना एखादी हमखास अडखळते आणि बाकीच्या खिदळतात. गाडीतल्या बाया कौतुकानं बघतात, "काय दिसून राह्यल्या वं पोरी!" म्हणतात. मी तिकिटाचं मशीन घेऊन पुढे सरकते आणि माझं डोकं फिरतं.

मी एसटीत कंडक्टर आहे. मंगरूळपीर ते वाशिम, वाशिम ते मंगरूळपीर, मधल्या सगळ्या फाट्यांसकट. माझं तोंड फाटकं आहे असं डेपोत सगळे म्हणतात. असेल. पण वर्षातल्या त्या एका दिवशी मी गाडीत कोणाशी बोलत नाही. ड्रायव्हर आता ओळखून आहे. "आज कन्या शाळेचा निरोप समारंभ दिसते, म्याडम गरम हायेत," असं म्हणतो आणि गुमान गाडी हाणतो.

या दिवसांचं लोकांना फार कौतुक. पळस फुलतो, हरभरा सोंगणीला येतो, सकाळी अंगावर स्वेटर आणि दुपारी घामाच्या धारा. शेतात थ्रेशर सुरू झाला की सगळा रस्ता कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या धुळीनं भरतो, ती धूळ नाकात जाते आणि दिवसभर शिंका येतात. मला त्या धुळीनं एकच आठवतं, शेवटच्या बाकावर बसून पाठ केलेला भूगोल. पळसाकडे तर मी बघतही नाही. उगाच रस्त्याच्या कडेला लालभडक होऊन उभा राहतो, जसं काही गावात सगळं चांगलंच चाललं आहे.

परवा मोबाइलवर माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर निरोप आला. 'आपल्या लाडक्या शाळेच्या निरोप समारंभाला माजी विद्यार्थिनींनी प्रमुख पाहुण्या म्हणून उपस्थित राहावे.' खाली हात जोडलेले, फुलं, बदाम. लगेच एकीनं लिहिलं, 'सोनेरी दिवस होते गं ते!' दुसरीनं लिहिलं, 'आपली शाळा म्हणजे आपलं माहेर.' मी मोबाइल उलटा करून ठेवला आणि कणीक तिंबायला घेतली. त्या दिवशी पोळ्या अशा वातड झाल्या की नवऱ्यानं विचारलं, कोणाचा राग काढला?

त्या माहेराचा इतिहास सांगते. तो दरवर्षी समारंभात सांगितला जायचा, म्हणून मला तोंडपाठ आहे. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे जमीनदार. त्यांची मुलगी गावातल्या शाळेत जायची. एक दिवस बसस्टँडवर पोरांनी तिला शिट्टी मारली. भाऊसाहेबांना ते सहन झालं नाही. त्यांनी स्वतःच्या कापसाच्या गोदामात मुलींची स्वतंत्र शाळा काढली, सरकारी अनुदान नाही, कोणाची मेहेरबानी नाही. इथे टाळ्या पडायच्या. आम्हीही वाजवायचो. मोठी झाल्यावर एकदा गाडीत उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं की शिट्टी मारणाऱ्या पोरांचं पुढे काय झालं हे त्या गोष्टीत कधी आलंच नाही. ती तिथंच स्टँडवर राहिली. कुलूप लागलं ते आम्हाला.

आणि कुलूप म्हणजे खरंखुरं कुलूप. प्रार्थना झाली की शिपाईमावशी फाटकाला ते घालायची, ते शेवटच्या घंटेला निघायचं. कंपाउंडच्या भिंतीवर काचा. रस्त्याकडच्या खिडक्यांना अर्ध्यापर्यंत पांढरा ऑइलपेंट, म्हणजे बाहेरचं कोणी आत बघू नये. आतून आम्हाला बाहेरचं फक्त वरचं दिसायचं. कडब्याच्या गाडीचा वरचा कडबा, ट्रकचं टप, उंटवाले आले तर उंटाची मुंडी. गोदामाच्या तुळयांवर जुना कापूस अडकलेला होता, पंखा लावला की त्याचे तंतू आमच्या वह्यांवर पडायचे. पावसाळ्यात सरकीचा वास यायचा. मैदान नव्हतं. मुलींना मैदान कायले, असं भाऊसाहेब म्हणायचे.

बाकी सगळं मोठ्या बाईंच्या हातात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. बोलणं एकदम शुद्ध. आमच्या तोंडातून 'मले' निघालं की उन्हात उभं करायच्या. 'मला' म्हणायला शिकेपर्यंत टाळू तापलेली असायची. जोरात हसलं तरी ऊन. वेणीची रिबीन सुटली तरी ऊन. आई-बाप खूश होते. "पोरगी शाळेत हाये म्हंजे तिजोरीत हाये," असं माझा बाप पारावर बसून सांगायचा.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, नाही तर खोटं होईल. त्या शाळेत संडासाला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. आमच्या पंचक्रोशीत मुलींसाठी तशी कडी दुसऱ्या कोणत्याच शाळेत नव्हती. पोरी नहाण आल्यावरही शाळेत टिकल्या त्या या कडीमुळं. भाऊसाहेबांच्या भाषणात या कडीचा उल्लेख मात्र कधी आला नाही.

दुर्गा माझ्या वर्गात होती. तिचे आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. दुर्गा तेवढे महिने आमच्या गावात तिच्या मामाकडे राहायची. उंच, आडव्या हाडाची, पन्हाळीचं पाणी सुटावं तशी धावायची. आम्ही शाळेतून घरी चालत यायचो तेव्हा मधेच मला दप्तर द्यायची आणि "पाह्य वं संगे, त्या बाभळीपर्यंत जाऊन येतो," म्हणून सुटायची. तिला पोलिसात जायचं होतं. कोणीतरी सांगितलं होतं की भरतीच्या आधी निदान दहावी-बारावी तरी पास पाहिजे, म्हणून ती अभ्यास करायची. अभ्यासाची आवड वगैरे काही नव्हतं. गणिताच्या पुस्तकाला ती शिव्या द्यायची आणि शिव्या देत देत सोडवायची.

मग आमचा फेब्रुवारी आला. निरोप समारंभ. कोणती साडी, कोणाचं ब्लाउज, कोणत्या बांगड्या, अभ्यास सगळा चुलीत. मोठ्या बाई आठवडाभर आधीपासून तालीम घ्यायच्या. भाषणाची नाही, पोह्यांची. पाहुण्यांसमोर बशी न्यायची, मान खाली, आधी आपलं नाव सांगायचं, मग गाव, मग वडिलांचं नाव, आणि मग बशी द्यायची. "शिष्टाचार आहे हा," बाई म्हणायच्या. "उद्या कुठेही गेलात तर शाळेचं नाव निघालं पाहिजे." आम्ही रिकाम्या बश्या घेऊन एकमेकींना नाव-गाव सांगत हसायचो. दुर्गाला ते काही जमेना. ती सरळ डोळ्यांत बघून सांगायची. बाईंनी तिला उन्हात उभं करून मान खाली घालायला शिकवली.

त्या दिवशी पुढच्या खुर्च्यांवर बसलेले पाहुणे कोण होते? शिरपूरकडचे होते, मानोऱ्याकडचे होते, आसेगावच्या आसपासचे होते. फेटेवाले म्हातारे, जाड काठाच्या साड्यांतल्या बाया. आम्हाला वाटलं हे देणगीदार. मुकाट्यानं बश्या दिल्या, नाव, गाव, बापाचं नाव सांगितलं. दुर्गा माझ्या आईची जांभळी साडी नेसली होती. एका बाईनं तिच्या हातातून बशी घेतली आणि हात सोडलाच नाही. तळवा उलटा केला, सुलटा केला, मनगट दाबून पाहिलं. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "कामाची हाये." मी मागेच उभी होते चहाची किटली घेऊन. बैलबाजारात दात बघतात तसं ते होतं आणि ते आमच्या शाळेच्या सरस्वतीच्या फोटोसमोर चाललं होतं. त्यानंतर मी, माझ्या मैत्रिणी, आम्ही सगळ्यांनी स्टेजवर गळ्यात गळे घालून निरोपाचं गाणं म्हटलं आणि रडलो. खुर्च्यांवरची माणसं पोहे खात होती.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी दुर्गाच्या मामाला बोलावून घेतलं. स्थळ चांगलं होतं, विहिरीची जमीन, पक्कं घर. मुलीचं वय कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. दुर्गाचे आई-बाप उसाच्या फडात. मुकादमानं त्यांना मार्चमध्ये चार दिवस सोडायचं कबूल केलं, म्हणून लग्न त्या चार दिवसांत बसवलं. दुर्गा बाईंच्या खोलीत जाऊन म्हणाली, "बाई, माही परीक्षा?" बाईंनी तेव्हा खास पुढाकार घेतला. शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न, असं दोन्ही बाजूंकडून कबूल करून घेतलं. गावभर बाईंची वाहवा झाली. पोरीचं कल्याणही केलं आणि परीक्षाही वाचवली! दुर्गा मला म्हणाली, "मरू दे लगन. दहावी तं होऊन जाईन. पुढचं पुढं पाहू."

इथेच सगळे फसले, की कोणी जाणूनबुजून फसवलं, हे मला अजून कळलेलं नाही. लग्नाची तारीख सगळ्यांनी पाहिली. हळदीची कोणी पाहिली नाही. लग्न शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी, आणि हळद त्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे पेपरच्या आदल्या संध्याकाळी. आणि आमच्याकडे हळद लागलेली नवरी वेस ओलांडत नाही. परीक्षेचं केंद्र तालुक्याला होतं. ही रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, मोठ्या बाईंना ठाऊक नव्हती?

बाकीचे सगळे पेपर तिनं दिले. गणिताचा पेपर सुटल्यावर तिनं केंद्राच्या फाटकाबाहेर एक उडी मारली होती, चपलेचा अंगठा तुटला. येताना बसमध्ये ती तुटकी चप्पल हातात धरून बसली होती आणि होणाऱ्या सासूला नावं ठेवत होती. आम्ही एवढ्या हसलो की कंडक्टरनं दटावलं.

शेवटच्या, भूगोलाच्या पेपरच्या सकाळी मी तिला घ्यायला गेले. मांडव पडला होता. दुर्गा ओसरीवर बसली होती, पिवळीधम्मक, कपाळावर मुंडावळ्या, आणि मांडीवर परीक्षेचं पॅड. हॉल तिकीट पॅडच्या क्लिपला लावलेलं. मला बघून ती उठली. मामी आडवी आली. "हळदीच्या आंगानं वेस ओलांडतं का कोनी? काई लागलं झपाटलं तं सासरचे आमच्या नावानं बोंबलतीन." दुर्गाचा बाप रात्रीच फडावरून आला होता, तो खाटेवर डोकं धरून बसला होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "तू जाय बेटा, तुयी गाडी जाईन." दुर्गा म्हणाली, "बाबा, एकच पेपर हाये." त्यानं मान फिरवली. तिची आई आत भांडी आपटत होती.

मी शाळेकडे पळाले. मोठ्या बाईंचं घर शाळेच्या भिंतीला लागूनच. त्या झोपाळ्यावर बसून लग्नाला नेसायची साडी काढून बघत होत्या, दुर्गाच्याच लग्नाला. मी धापा टाकत सांगितलं, की बाई, तुम्ही फक्त एक शब्द टाका, मामा तुमचं ऐकतो. बाईंनी साडीची घडी मोडली, पुन्हा घातली. "रीतीभातीत मी पडत नाही गं," त्या म्हणाल्या. "आणि एका पेपरनं काय होतं? ऑक्टोबरला देईल ती." मी म्हटलं, "बाई, लग्न तुम्हीच ठरवलं ना? मग तेव्हा कशा पडल्या?" माझ्या आयुष्यातला मोठ्या माणसाला दिलेला तो पहिला उलटा जवाब. बाईंनी मला उन्हात उभं केलं नाही एवढंच, कारण सकाळ होती आणि ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. "पेपर चुकेल तुझा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

पेपर चुकला नाही. माझ्या पुढच्या बाकावर दुर्गाचा नंबर खडूनं लिहिलेला होता. पर्यवेक्षकानं तिची उत्तरपत्रिका थोडा वेळ बाकावर ठेवली, मग उचलून नेली. मी महाराष्ट्राचा नकाशा भरला, नद्या भरल्या, पिकं भरली. त्या वेळी मला बाईंचा, मामाचा, भाऊसाहेबांचा, माझ्या स्वतःच्या बापाचाही एवढा राग आला होता की पेन्सिलीचं टोक दोनदा तुटलं. तो राग आजही तसाच आहे. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. कोणाचा निवत असेल.

जूनमध्ये निकाल लागला. दुर्गा एका विषयात गैरहजर म्हणून नापास. शाळेनं फाट्यावर फलक लावला, 'निकालाची उज्ज्वल परंपरा'. ऑक्टोबरला दुर्गा परीक्षेला बसली नाही. तेव्हा तिला दिवस गेले होते आणि सासरची सोयाबीनची सोंगणी होती. मधल्या वर्षांत मला ती एकदाच दिसली, रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेच्या गर्दीत, कडेवर पोरगी, डोक्यावर पदर. "कशी हायेस?" मी विचारलं. "हाये," ती म्हणाली. गर्दीनं आम्हाला दोन बाजूंना ढकललं.

आणि या शाळेला मी माहेर म्हणू? खुर्चीवर बसून पोहे खाऊ?

यंदा निरोप समारंभाच्या दिवशी माझी नेहमीचीच ड्यूटी होती. फाट्याफाट्यावर साड्या चढल्या. गाडी भरली. मी तोंड शिवून तिकिटं फाडत होते. आसेगावच्या पुढच्या एका फाट्यावर दुर्गा चढली. सोबत तिची मुलगी, तशीच उंच, आडव्या हाडाची. तिच्या अंगावर मात्र शाळेचा गणवेश होता, दोन वेण्या, काखेत भलीमोठी पिशवी. साड्यांच्या त्या गर्दीत ती एकटीच निळी-पांढरी दिसत होती.

"दुर्गे," मी म्हटलं, "पोरगी याच शाळेत?"

"याच."

माझा तोल गेला. भर गाडीत बोलले. "आपल्यासंग एवढं झालं तरी? तुले दुसरी शाळा नाही भेटली?"

"भेटली असती," दुर्गा म्हणाली. आवाज अजून तसाच मोठा. "जाऊ कोन देल्लं असतं? तिच्या बापानं एकाच शाळेले हो म्हटलं, भिंतीवाल्या. तिथं नाही घातली असती तं चौथीतच घरी बसली असती. मंग घातली. तू काय केलं असतं?"

मी मशीनवर बोट ठेवलं. "शाळेच्या स्टॉपचं देऊ?"

"वाशिमचं दे. दोघीचं."

तिनं मग खालच्या आवाजात सांगितलं. बाईंचा घरी फोन आला होता. 'मुलगी उंच आहे, चांगली साडी नेसवून पाठवा, पाहुणे येणार आहेत.' नवरा खूश झाला. सासूनं ट्रंकेतून साडी काढून दिली. दुर्गानं ती पिशवीत भरली, शाळेतच नेसवते म्हणाली, आणि निघाली. पिशवीत साडीच्या खाली पोरीची पुस्तकं होती आणि महिन्याभराचे कपडे. वाशिमला दुर्गाची लहान बहीण राहते, दवाखान्यात कामाला आहे. परीक्षेचा शेवटचा पेपर होईपर्यंत पोरगी तिथं राहणार, तिथूनच केंद्रावर जाणार. घरी यातलं काही माहीत नव्हतं.

शाळेचा स्टॉप आला. साड्या भराभर उतरायला लागल्या. फाटक उघडं होतं, वरती फुगे. मोठ्या बाई स्वतः पोरींना घ्यायला उभ्या होत्या, केस सगळे पांढरे, आवाज तोच. त्यांनी खिडकीतून दुर्गाला पाहिलं. "अगं दुर्गा! उतर ना! आणि हिला अशी काय आणलीस? साडी कुठं आहे?"

पोरगी खिडकीखाली वाकायला लागली. दुर्गानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला सरळ बसवलं. "आमी उतरून नाही राह्यलो बाई," ती म्हणाली.

"म्हणजे? पाहुणे वाट बघत आहेत."

"पाहू द्या."

बाई गाडीच्या दाराशी आल्या. एक पाय पायरीवर ठेवला. मी दारात आडवी झाले. "बाई, तिकीट?" मी विचारलं. त्यांनी मला ओळखलं की नाही कोणास ठाऊक. पाय खाली घेतला. मी घंटी मारली, गाडी निघाली, आणि बाई पर्समधून मोबाइल काढताना मागच्या काचेतून दिसल्या. फोन कुठे लागणार हे गाडीतल्या आम्हा तिघींनाही कळलं.

मग पोरगी म्हणाली, "आई, तू घरी जाशीन तं बाबा मारतीन तुले."

दुर्गा पिशवीतून भूगोलाचं पुस्तक काढत होती. ते तिच्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, "मारू दे. पेपर तुले लिहाचे हायेत, मले नाही."